पागोट्याचं दुसरं टोक

आमच्या बाबांचं पागोटं एकट्या माणसाला बांधता येत नसे. कापड इतकं लांब, की ओसरीच्या एका टोकाला बाबा उभे राहत आणि दुसऱ्या टोकाला माय. तिनं आपल्याकडचं टोक दोन्ही हातांनी ताणून धरायचं आणि बाबांनी पीळ देत, डोक्याभोवती गुंडाळत तिच्याकडे सरकायचं. शेवटचा वेढा पडे तेव्हा दोघं समोरासमोर आलेली असत. तोवर एक शब्द होत नसे. झालाच तर "ढिलं धरलं" एवढाच. त्या काळी नवराबायकोला चारचौघांत बोलायचीही चोरी होती. सकाळचं पागोटं सोडलं तर ती दोघं इतकी जवळ उभी राहिलेली मी कधी पाहिली नाहीत.

ज्याला बायको नाही, तो ते टोक खुंटीला बांधायचा. खुंटीला ताण कळत नाही, ढील कळत नाही, म्हणून विधुराचं पागोटं हमखास एका अंगाला कलायचं. आमच्या वलगावात कुणाचं पागोटं तिरपं दिसलं की बाया हळहळत, आणि ज्यांच्या घरात लग्नाची मुलगी असे ते लगेच जमिनीची चौकशी करू लागत.

शेतात पागोटं जायचं नाही. तिथे जुनेरं मुंडासं. त्याच्या उपयोगांना अंत नव्हता. दोर कमी पडला तर लोट्याला बांधून विहिरीतून पाणी काढा, हुरड्याची कणसं बांधून आणा, बैलाच्या खांद्याला घट्टा पडला तर त्यावर ठेवा, दुपारी उशाला घ्या. पण मुंडासं असो की पागोटं, डोकं उघडं टाकून माणूस घराबाहेर पडत नसे. उघडं डोकं फक्त सुतकात. कुणाच्या मरणाची खबर घेऊन येणारा माणूस गावाच्या शिवेवरच डोक्यावरचं काढून काखेत मारायचा. मग तो कुणाच्या दारी वळतो तेवढंच बघायचं उरायचं. तोंडानं सांगायची वेळ त्याच्यावर येत नसे, आणि ही मला फार समजूतदार रीत वाटे.

मी परकरी पोर असताना माझं लग्न ठरलं, ते साल कापसाच्या तेजीचं. समुद्रापलीकडे कुठे तरी मोठी लढाई जुंपली होती आणि तिच्यापायी आमच्या काळ्या मातीतल्या बोंडाला सोन्याचा भाव आला होता. कोण कुणाशी का लढत होतं हे गावात कुणाला ठाऊक नव्हतं. आमच्या शेजारची म्हातारी तर रोज देवाला सांगायची, "त्यायचं भांडन मिटवू नको रे बापा, आमची वेचनी होऊ दे." लोकांनी ज्वारीच्या वावरातही कापूस पेरला. बैलांच्या शिंगांना पितळेची टोपणं आली. पण एक गंमत झाली. कापूस सगळा गाड्या भरभरून मुंबईकडे चालला, आणि गावातल्या कोष्ट्यांना मागाला सूत मिळेना. माग बंद पडले. जे कोष्टी कालपर्यंत पागोटी विणत होते, ते अमरावतीच्या बाजारात कापसाचे बोजे उचलायला गेले. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात; आमच्याकडे पिकत होतं तिथे नेसायलाच मिळत नव्हतं. अख्खं घर कापसानं भरलेलं, इतकं की झोपायला जागा नाही, आणि बाबांच्या पागोट्याला दोन ठिकाणी रफू.

माझा मोठा भाऊ याच तेजीत घरातून गेला. तो अमरावतीत एका अडत्याकडे राहिला. माप बघायचं, गाड्या लावून घ्यायच्या, असं काहीबाही काम होतं. पोळ्याला घरी आला तो डोक्यावर काळ्या मखमलीची गोल टोपी घालून. बाजारातली तरणी पोरं तशा टोप्या घालू लागली होती. मला ती फार आवडली. बाबा ओसरीवर पान लावत बसले होते, त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "हे काय हाय?"

"टोपी हाय, बाबा. तिथं समदेच घालतात."

"टोपी लेकराच्या टाळूवर असते. तुही टाळू अजून भरली नाही का?"

गडीमाणसं हसली. दादा तापट, बापाचाच लेक तो. म्हणाला, पागोटं बांधायला दोन माणसं लागतात, टोपी एका हातानं होते, बाजारात कुणाला एवढा वेळ आहे. बाबांनी पान खाली ठेवलं. "एका हातानं होते ना? मंग एकटाच राय. हे डोक्स्यावर ठेवून माह्या उंबऱ्याच्या आत पाय टाकू नको."

दादा पोळ्याच्या पुरणपोळीला न थांबता निघून गेला. मायनं चार पोळ्या फडक्यात बांधून मला त्याच्यामागे पळवलं. मी त्याला शिवेवर गाठलं. त्यानं पोळ्या घेतल्या, टोपी माझ्या डोक्यावर ठेवून पाहिली, हसला आणि परत घेतली.

मग हिवाळा आला. माझं अंजनगावच्या एका घरात ठरलं. वेचणी उरकली आणि बाबा गाड्या घेऊन अकोल्याला गेले. अमरावती जवळ असताना अकोला का, तर तिथे भाव चढा असल्याचं कुणी तरी सांगितलं होतं, आणि जुन्या शहरात आमची आत्या राहत होती, तिला लग्नाचं आवतणही द्यायचं होतं. बरोबर आमचा सालदार गेला. आठ-दहा दिवसांत येतो म्हणून गेलेली माणसं पंधरवडा उलटला तरी येईनात. तेवढ्यात गावात बोलवा उठली की अकोल्याकडे पटकीची साथ आहे, माणसं सकाळी धडधाकट असतात आणि सांजेला नसतात.  मायनं शिळं खायला सुरुवात केली, आणि ती काळजीत असली की असंच करायची.

अशात एका दुपारी आम्ही ओट्यावर बसून उशिराच्या बोंडांतला कापूस काढत होतो. माय, मी, काकू आणि शेजारची म्हातारी. गल्लीच्या तोंडाशी दादा दिसला. डोकं उघडं. काखेत पांढऱ्या कोऱ्या कापडाची घडी. भरभर चालत, मान खाली घालून तो आमच्याच दाराकडे वळला.

अकोल्याची वाट अमरावतीवरूनच येते. बाबांचं काही बरंवाईट झालं असतं तर ते आधी दादालाच कळलं असतं. हे मी आता सांगते आहे. मायला तेव्हा काही जुळवावं लागलं नाही. ती उठली. हातातलं बोंड तिनं सुपात ठेवलं, टाकलं नाही. उंबऱ्याशी गेली, खाली बसली आणि दोन्ही मनगटं दगडावर आपटली. काकूनं हंबरडा फोडला. म्हातारीनं छाती पिटायला सुरुवात केली. बघता बघता गल्लीतल्या बाया धावत आल्या, त्याही रडू लागल्या. मायनं कपाळावरून हात फिरवला आणि कुंकू पुसलं.

दादा वाटेतच उभा राहिला होता. मग धावत आला आणि ओरडला, "माय, काय करून राहिली? कोन गेलं? बाबा गेले का?"

त्याला वाटलं, आपण दुःखाच्या घरात आलो. तो मायच्या पायाशी बसून रडायला लागला. आता एकमेकांकडे बघून सगळी रडत होती आणि प्रत्येकाला वाटत होतं, दुसऱ्याला ठाऊक आहे. शेवटी म्हातारीनंच नाक पुसून विचारलं, "अरे, तू खबर घेऊन आला ना?"

"कायची खबर?"



दादाला कुणी कसलीच खबर दिली नव्हती. बाबा अकोल्याला गेलेत हेसुद्धा त्याला माहीत नव्हतं. माझं लग्न ठरल्याचं ऐकून तो समेट करायला आला होता. बापाचा शब्द मोडायचा नाही, म्हणून टोपी शिवेवरच काढून खिशात घातली. काखेतलं कापड बाबांसाठी होतं. व्याह्यांच्या भेटीला नवं पागोटं लागेल, आणि पागोट्याचं कापड तर कुठे मिळत नाही, म्हणून त्यानं अमरावती पालथी घालून एका मागावरचं शेवटचं कोरं कापड मिळवलं होतं. रंगाऱ्याकडे द्यायला वेळ झाला नाही, म्हणून पांढरंच. मग ते डोक्याला गुंडाळून का नाही आलास, असं काकूनं त्याला दहा वेळा विचारलं. "बापासाठी आनलेलं बापाच्या आंदी मी कसं बांधू?" तो म्हणाला. यात त्याचं काय चुकलं ते मला अजूनही सांगता यायचं नाही.

म्हातारी म्हणाली, "चांगलं झालं. जित्या मानसाच्या मरनाची आवई उठली का त्याचं आयुष्य वाढते." ते खरं मानायचं तर बाबांना त्या दिवशी बरंच आयुष्य मिळालं. पण आवई वेगळी आणि बायकोनं आपल्या हातानं बांगड्या फोडणं वेगळं, हे तिलाही कळत होतं. तिनं ते बोलताना मायकडे पाहिलं नाही.

काकूनं कासाराला बोलवायचं म्हटलं, तर माय म्हणाली, "आंदी त्यायले डोयानं पाहू दे." मधले दिवस ती रिकाम्या हातांनी वावरली. ते हात मला बघवत नसत. भाकरी थापताना नेहमी जो आवाज व्हायचा तो नव्हता, आणि मी मुद्दाम चुलीपाशी भांडी वाजवत बसे.

बाबा आले. साथीची बोलवा निम्मी खोटी होती. उशीर झाला तो मालानं. अकोल्याच्या मोर्णा नदीच्या पात्रात शेकड्यांनी गाड्या सुटलेल्या आणि मापाची पाळी येईना. दारात गाड्या लागल्या, बाबा खाली उतरले, पागोटं धुळीनं मातकट झालेलं पण डोक्यावर होतं. मी धावत जाऊन त्यांच्या धोतराला मिठी मारली. मायनं पायांवर घालायला पाणी आणलं आणि बाबांना तिची मनगटं दिसली. काकांनी सगळं सांगितलं. बाबांनी तोंड धुतलं, चूळ भरली आणि मग दादाकडे वळले.

"जितेपनी बापाची तेरवी केली, लेका."

"तुमीच म्हनलं होतं, टोपी घालून उंबऱ्यात पाय टाकू नको."

"टोपी घालू नको म्हनलं. बोडका ये म्हनलं का?"

 बाबांनी खुंटीवरचं जुनं मुंडासं काढून त्याच्याकडे फेकलं. "हे बांध आंदी. मंग बोल." आपलेच दात आणि आपलेच ओठ. दोघांचं भांडण तिथेच मिटलं, आणि ती मखमलीची टोपी पुढे आमच्या काकडीच्या वाडीत बुजगावण्याच्या डोक्यावर बसली. तिला पाखरंही घाबरली नाहीत.

पण मायचं मिटलं नाही. कासार आला, तिनं बांगड्या भरल्या. कुंकू लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा पागोटं घेऊन ओसरीच्या टोकाला उभे राहिले, तर माय चुलीपुढून उठली नाही.

"धरतं ना?"

"काकूले सांगा," आतून आवाज आला.

भावजय मोठ्या दिराचं पागोटं धरते का कुठे? बाबांनी टोक खुंटीला बांधलं.

तिच्या मनानं घेतलं होतं की हे हात आता अशुभ झाले. देवानं काही केलं नव्हतं, आपणच हात दाखवून अवलक्षण करून घेतलं. धन्याच्या डोक्यावरच्या कापडाला आता ते हात लागायला नकोत. बायांनी टाळायच्या आधी तीच हळदीकुंकवाला जाईनाशी झाली. कुणी म्हणालं असतं "तू नको", तर ती भांडली असती. ती भांडायला कमी नव्हती. पण कुणी काही म्हणत नव्हतं, आणि बोलावणारीही जरा आस्तेच बोलावत होती. माझ्या लग्नात तिनं कन्यादानाला बसायचं नाही, काकू बसेल, हेही तिनंच ठरवून टाकलं. मी रडले, रुसले, जेवले नाही. माझ्या लग्नात माझ्या हातावर पाणी माझ्या मायनं सोडायचं नाही तर कुणी? काकू भली होती, पण मला काकू नको होती. "दुसऱ्याच्या घरी जानारी पोर," माय म्हणाली, "तुह्या संग माह्यावालं अवलक्षन कशाले धाडू?"

 बाबा रोज खुंटीला पागोटं बांधत राहिले, आणि ते रोज डावीकडे कलत राहिलं. वलगावच्या बाजारात एका परगावच्या माणसानं त्यांना विचारलं म्हणे, घरात करणारं कुणी आहे का, आमच्या ओळखीत एक स्थळ आहे. हे बाबांनी घरी येऊन ओसरीवर मोठ्यानं सांगितलं, आत ऐकू जाईल असं. 

दादानं आणलेलं पांढरं कापड कोनाड्यात पडून होतं. मायनं ते दान द्यायला सांगितलं होतं. बाबांनी ते गुपचूप अमरावतीच्या रंगाऱ्याकडे नेऊन दिलं.

लग्नाच्या दिवशी सकाळी काकूनं मला हळद लावली. दुपारनंतर वऱ्हाड शिवेवर आल्याची वर्दी आली. वाजंत्री तयार, आरतीची ताटं तयार, काका आणि गावातली मोठी माणसं पागोटी बांधून मांडवात उभी. बाबांचा पत्ता नाही. मग ते आतून आले, आणि मांडवातल्या बायांनी तोंडाला पदर लावले. लग्नाच्या मांडवात नवरीचा बाप उघड्या डोक्यानं उभा होता. हातात लालभडक नवं कापड.

काका धावले. "अवं, काय करून राहिले? डोक्स्यावर घ्या काई तरी, अपशकुन होते!"

"हो," बाबा म्हणाले, आणि सरळ मागच्या पडवीत, चुलाण्यांपाशी गेले. माय तिथे वरणाच्या हंड्याजवळ बसली होती. मी हळदीच्या अंगानं उठून मागोमाग गेले. मला कुणी अडवलं नाही, कारण सगळेच मागोमाग आले होते.

बाबांनी कापडाचं एक टोक तिच्यापुढे धरलं. "धर."

माय उठून भिंतीला लागली. डोक्यावरचा पदर तिनं पुढे ओढला. "लोकं पाहून राहिले. पोराले सांगा. खुंटीले बांधा."

"खुंटीले बांधतो तं लोकं इचारतात, बायको कधी मेली." बाबांचा आवाज चढला नव्हता. "तुनं मले एक डाव मारलं, ते बी चुकून. मी खुंटीले पागोटं बांधून तुले रोज मारून राहिलो. आता मले कटाळा आला. व्याही शिवेवर उभा हाय. तू धरशीन तं पागोटं बांधून जातो, नाई तं असाच जातो. मंग त्यायले वाटू दे, इथं कोन मेलं ते."

कुणी तरी हसलं, म्हातारीच असावी. माय हसली नाही. तिनं वरणाचे हात लुगड्याला पुसले, मग ते पुरेसे स्वच्छ नाहीत असं वाटून पाण्यानं धुतले, परत पुसले. पुढे आली आणि टोक धरलं. बाबा मागे सरकत थेट मांडवाच्या मेढीपर्यंत गेले. सगळ्यांनी वाट करून दिली. ते पीळ देत, गुंडाळत तिच्याकडे येऊ लागले. मधेच थांबून म्हणाले, "ढिलं धरलं." तिनं ताण दिला, आणि बांगड्या वाजल्या. मी तिथेच भोकाड पसरलं, आणि नवरी आत्तापासूनच रडायला लागली म्हणून बायांनी मला नावं ठेवली.

माझ्या हातावर पाणी मायनंच सोडलं. ते गार होतं आणि बरंचसं माझ्या लुगड्यावर सांडलं.

त्यानंतर पुष्कळ वर्षांनी बाबा गेले, घरीच, अंथरुणावर. मी अंजनगावहून आले होते. दादानं आपलं पागोटं उतरवलं. तो उघड्या डोक्यानं अंगणात उभा राहिला आणि लोक जमू लागले. बाया मायभोवती बसल्या, आणि काकूनं तिचा हात धरून दगडाकडे नेला.

"थांब जराशी," माय म्हणाली. "मागं एकदा लई घाई झाली होती."

ती उठून ओसरीवर गेली. खुंटीवर बाबांचं पागोटं होतं. तेच, लग्नातलं, आता विटून गेलेलं. तिनं ते उलगडलं, एक टोक माझ्या हातात दिलं आणि दुसरं धरून ओसरीच्या पार टोकाला जाऊन उभी राहिली. आम्ही ते ताणलं. मग ती घडी घालत घालत माझ्याकडे आली. माझ्या हातातलं टोक घेऊन तिनं घडीवर ठेवलं, वर हात फिरवला, आणि बायांमध्ये जाऊन बसली. दोन्ही मनगटं पुढे केली.

"आता फोडा," ती म्हणाली.